बॉडी फॅट दाखवणारा वजनकाटा आठ महिने वापरला, त्याबद्दल (आणि वीस रुपयाच्या टेपबद्दल)

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब होणाराय. हा काटा मी ज्या भीतीनं घेतला त्याच भीतीनं अजून कितीतरी बायका घेत असतील असं मला वाटतंय, म्हणून सगळं पहिल्यापासनं सांगते. कंपनीचं नाव देत नाही, कारण असला काटा दहा-बारा नावांनी मिळतो आणि आतनं सगळे सारखेच, वर काच, चार स्टीलच्या पट्ट्या, ब्लूटूथ, मोबाईलवर ॲप. हजार ते दोन हजारात येतो, मला सोळाशे पन्नासला पडला.

गेल्या दिवाळीत माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. वय ५८, राहायला मोहोळला. पाळी जाऊन तिला सहा वर्षं झालती आणि मागच्या उन्हाळ्यापासनं मधनंच डाग दिसायचा, ती म्हणायची अंगात उष्णता वाढलीय, सब्जा खायची, धने-जिऱ्याचं पाणी प्यायची, उन्हाळा गेला पावसाळा गेला तरी डाग काय थांबेना, आणि घरात कुणाला बोलली नाही. सहा महिने असे गेले. शेवटी चकल्या करताना कंबर धरून खाली बसली तेव्हा सुनेला कळलं. ऑपरेशन झालं, पिशवी काढली, पुढं रेडिएशन.

ऑपरेशनच्या तिसऱ्या रात्री दवाखान्यात मी झोपायला होते. आक्का जागीच होती. मला म्हणली, "माझ्या वजनामुळंच झालं का गं हे?" दुपारी भेटायला आलेली एक बाई तिच्या उशाशी बसून तिला ऐकवून गेलती की जाड बायकांना होतंच हे. आक्काचं वजन तेव्हा ८६. मला काय बोलावं सुचेना, मी म्हणलं झोप तू, असलं काय मनात आणू नकोस, आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन मोबाईल उघडला.

तिथं वाचलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतंय. आयएआरसी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था, फ्रान्समध्ये आहे, त्यांच्या तज्ज्ञांनी हजारावर अभ्यास तपासून २०१६ साली सांगितलं की १३ प्रकारच्या कॅन्सरचा जास्तीच्या चरबीशी संबंध पक्का दिसतोय. मोठं आतडं, अन्ननलिकेचा एक प्रकार, जठराचा वरचा भाग, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, थायरॉईड, अंडाशय, गर्भाशयाचं अस्तर, पाळी गेल्यावरचा स्तनाचा कॅन्सर, मेंदूच्या आवरणाची गाठ आणि मल्टिपल मायलोमा म्हणजे रक्तपेशींचा एक कॅन्सर. आणि गर्भाशयाच्या अस्तरापुढं आकडा लिहिलेला, सात पट. मी ४९ वर्षाची, वजन सत्तरीच्या पुढं, पाळी मागंपुढं व्हायला लागलेली, सख्ख्या बहिणीला झालेला. त्या बाकावर बसूनच रात्री एक वाजता मी हा काटा ऑर्डर केला. म्हणजे बघा कुठल्या मनानं घेतलाय ते.

आता काट्याकडं येते.

डिलिव्हरी चार दिवसात जुळे सोलापूरला घरपोच आली, पॅकिंग चांगलं होतं, बॅटऱ्या आतच होत्या. पहिली अडचण फरशीची, आणि ही सोलापूरकरांनी नीट ऐका. आमच्या घरात निम्म्या घराला शहाबादी आहे, जुनी, जरा खालीवर झालेली. बेडरूममध्ये काटा ठेवला तर ७३.२ दाखवला, एक फूट सरकवला तर ७०.९, भिंतीकडं घेतला तर ७२. मी पार घाबरले, म्हणलं काटा खराबच आला, रिटर्न टाकायला निघाले. मुलगा म्हणला आई, किचनमध्ये टाईल्सवर ठेवून बघ. तिथं पाच वेळा चढले, पाचही वेळा ७१.४. काट्याच्या चारी पायात सेन्सर असतात, एक पाय जरा अधांतरी राहिला की हिशोब चुकतो. तेव्हा घरात जिथं सपाट टाईल किंवा ग्रॅनाईट असेल तिथं एक जागा ठरवा आणि काटा तिथनं हलवूच नका. एवढं केलं तर वजन दाखवण्यात हा काटा एक नंबर आहे. किराणा दुकानात पाच किलोचं सीलबंद आट्याचं पाकीट मिळतं, ते हातात धरून चढले तर बरोबर तेवढंच वाढलं. नुसत्या वजनासाठी म्हणाल तर माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढचीय.

ॲपमध्ये उंची, वय, बाई की पुरुष ते भरायचं आणि अनवाणी उभं राहायचं, मग आठ-दहा सेकंदात तेरा आकडे येतात. पहिल्या दिवशीचे माझे लिहून ठेवलेत. वजन ७१.४, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २९.७, बॉडी फॅट ३९.८ टक्के, व्हिसेरल फॅट (पोटाच्या आतली चरबी) १३ आणि त्यापुढं लाल रंग, मेटाबॉलिक एज ६१. माझं वय ४९ आणि मशीन म्हणतंय शरीर ६१ चं. सकाळी साडेसहाला, गॅसवर दूध, आणि मी किचनमध्ये अनवाणी उभी राहून रडायले. आमचे हे आले, म्हणले काय झालं, मी नुसता मोबाईल पुढं केला.

त्यानंतर अडीच महिने मी रोज चढले, रोज म्हणजे सकाळी, संध्याकाळी, कधी जेवल्यावर पण. पतसंस्थेत काउंटरवर बसून ॲपमधला ग्राफ काढून बघायची. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो सगळे, सिद्धरामेश्वरांचं दर्शन घेतलं, पोरांबरोबर भजी खाल्ली, रात्री उशिरा जेवण, दुसऱ्या दिवशी काट्यावर पावणेदोन किलो जास्ती. पावणेदोन किलो चरबी एका रात्रीत होत नसते हे मला आज कळतंय, मीठ जास्त गेलं की अंगात पाणी धरतं, पोट साफ नसलं तरी आकडा वाढतो, दिवसभरात किलो-दीड किलो इकडं तिकडं होणं सगळ्यांचंच असतं. पण तेव्हा त्या पावणेदोन किलोत मला आक्काचा बेड दिसत होता. दोन दिवस मी जेवलेच नाही धड, ताक पिऊन राहिले, तिसऱ्या दिवशी काउंटरवर चक्कर आली.

मग मी आमच्या लेडी डॉक्टरांकडं गेले, ज्यांनी माझी दोन्ही बाळंतपणं केली. ॲपचे सगळे स्क्रीनशॉट घेऊन गेलते. मॅडमनी मोबाईल हातात घेतला, बघितला, उपडा करून टेबलावर ठेवला आणि आधी विचारलं, "अंगावरून मधेच जातं का? संबंधानंतर डाग दिसतो का? पाळीत किती जातं?" तेरा आकड्यात यातला एक पण प्रश्न नाही. सोनोग्राफी केली, अस्तराची जाडी बघितली, ठीक होती. मग मॅडम वीस मिनिटं बोलल्या, बाहेर एवढी गर्दी असताना, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दात सांगते. पाळी गेली की अंडाशयातनं इस्ट्रोजेन येणं जवळपास थांबतं, पण चरबीत एक एन्झाइम असतं, अरोमाटेज, ते अंगातल्या दुसऱ्या हार्मोनपासनं इस्ट्रोजेन बनवत राहतं. चरबी जास्ती तर इस्ट्रोजेन जास्ती. ते अस्तराला वाढ वाढ म्हणत राहतं आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तर पाळीबरोबर गेलेलं असतं. शिवाय पोटाची चरबी वाढली की इन्सुलिन वाढतं, अंगात बारीक सूज राहते, त्याचाही हात असतो. म्हणजे वजनाचा संबंध आहे, खोटं नाही ते. मॅडमनी मला खोटा धीर दिला नाही हे मला सगळ्यात आवडलं.

पण त्या सात पटीचं काय ते त्यांनी उलगडून सांगितलं. तो आकडा बीएमआय ४० आणि त्याच्या पुढच्या बायकांचा, नॉर्मल वजनाच्या बायकांशी तुलना करून काढलेला. माझ्या उंचीला, ५ फूट १ इंचाला, बीएमआय ४० म्हणजे ९६ किलो. मी ७१ वर बसून तो आकडा स्वतःला चिकटवून घेतलता. आणि सगळ्या कॅन्सरचा आकडा एवढा मोठा नाही. मोठ्या आतड्याचा १.३ पट. पाळीनंतरच्या स्तनाच्या कॅन्सरचा, बीएमआय ५ नं वाढला की १.१ पट. दुसरी गोष्ट, पट हा शब्द ऐकला की आधी विचारायचं, कशाच्या पट? समजा, नुसतं समजा, हजार बायकात एखादा आजार पाच जणींना होतो आणि तुमचा धोका दुप्पट, तर हजारात दहा. म्हणजे नऊशे नव्वद जणींना तरी होत नाहीच. आपल्याकडं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर युरोप-अमेरिकेच्या मानानं बराच कमी आढळतो. हे गणित मला येत होतं हो, पतसंस्थेत दिवसभर व्याजच काढते मी, पण भीती बसली की साधी टक्केवारी पण डोक्यात शिरत नाही.

आक्काच्या प्रश्नाचं उत्तर पण तिथंच मिळालं. मॅडम म्हणल्या, धोका वाढणं वेगळं आणि एका बाईला कशामुळं झालं ते सांगणं वेगळं. शंभर जाड बायकांतल्या कितीतरी जणींना होत नाही, सडपातळ बायकांना होतो. आक्काला नेमका कशानं झाला हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, उशाशी बसलेली ती बाई तर नाहीच नाही. मी घरी येऊन लगेच आक्काला फोन लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणली, "म्हणजे मी ओढवून घेतलं नाही ना?" मी म्हणलं नाही आक्का, तू काही ओढवून घेतलं नाहीस.

इथं अजून एक सांगायचंय कारण आमच्या भिशीत सगळ्याजणी हे एकच समजून बसल्या होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, आपण पिशवीच्या तोंडाचा म्हणतो तो, वेगळा. तो एचपीव्ही व्हायरसमुळं होतो आणि वजनाच्या त्या १३ मध्ये तो नाहीच. आणि आपल्या भागात जास्त आढळत आलेला तोच. बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली, तिथल्या नोंदीत बायकांमध्ये हाच पुढं असायचा. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, लाखाच्या वर बायकांवर मोठा अभ्यास झाला, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं, २००९ मध्ये छापून आला, आणि त्यात दिसलं की एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या बायकांच्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू साधारण निम्म्यावर आले. एकच तपासणी! जगभर गाजला तो अभ्यास, आणि आपल्या इथल्या खेड्यातल्या बायकांमुळं जगाला कळलं ते. मला त्याचा फार अभिमान वाटतो. मी रोज दोनदा काट्यावर चढत होते आणि ती तपासणी मात्र आयुष्यात एकदाही केली नव्हती. आता केली.

परत काट्यावर येते, भरकटले.

बॉडी फॅटचा आकडा येतो कुठनं ते मुलानं समजावलं. स्टीलच्या पट्टीतनं अगदी बारीक करंट सोडतात, कळत पण नाही, तो एका पायातनं वर जातो आणि दुसऱ्या पायातनं खाली येतो. स्नायूत पाणी जास्त म्हणून करंट पटकन जातो, चरबीतनं अडखळत जातो. किती अडखळला तेवढंच मशीनला कळतं, बाकीचं सगळं वय, उंची, बाई-पुरुष हे घालून फॉर्म्युल्यानं काढतं. म्हणजे करंट बऱ्यापैकी पायातनंच फिरतो आणि माझ्या पोटातल्या चरबीचा आकडा मशीन अंदाजानं सांगतं. हा व्हिसेरल फॅट १३, ज्याच्यावर मी रडले. मुलानं एक प्रयोग करून दाखवला, ॲपमध्ये माझं वय ४९ चं २९ केलं आणि मला परत उभं केलं. वजन तेच, मी तीच, दोन मिनिटं मध्ये गेलेली, आणि बॉडी फॅट तीन टक्क्यानं कमी! मेटाबॉलिक एज एकदम तरुण. त्या दिवसापासनं मी तो आकडा बघायचा सोडला.

अंगातल्या पाण्यावर पण हे सगळं हलतं. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात काय होतं तुम्हाला माहितीये, पारा ४२-४३, पतसंस्थेतनं दुपारी घरी आलं की तोंडाला कोरड, तेव्हा चढलं तर बॉडी फॅट सकाळपेक्षा जास्ती दाखवायचा, कारण पाणी कमी की करंट अडखळतो आणि मशीनला वाटतं चरबी वाढली. टाचांना भेगा असतील तर कधी नुसतं एरर. मला थंडीत रोज यायचं. पाय धुऊन, पुसून, पट्टीवर टाच नीट टेकवून उभं राहिलं की चालतं. हे पुस्तिकेत कुठंही लिहिलेलं नाही, लिहायला पाहिजे होतं.

आणि ॲपची सगळ्यात मोठी चूक ही. माझ्या बीएमआय २९.७ ला ते 'ओव्हरवेट' म्हणतं, कारण त्यांनी लठ्ठपणाची रेघ ३० वर धरलीय. आपल्या भारतीयांना कमी बीएमआयला पण डायबेटीस, बीपी लागतं म्हणून इथले डॉक्टर २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. म्हणजे एकीकडं मेटाबॉलिक एज ६१ म्हणून जीव घाबरा करायचा आणि जिथं खरं सांगायचं तिथं सौम्य सांगायचं. भारतात विकता तर भारताची रेघ टाका ना. मी कस्टमर केअरला मेल केला, 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' एवढं उत्तर आलं, पाच महिने झाले, ॲप तसंच आहे.

आता टेप. मॅडमनी सांगितलं होतं, तुम्हाला घरी काही मोजायचंच असेल तर कंबर मोजा, महिन्यातनं एकदा. माझ्या जाऊबाई घरी ब्लाऊज शिवतात, त्यांच्यासाठी दोरे घ्यायला नव्या पेठेत गेलते तिथं शिलाई सामानाच्या दुकानात वीस रुपयाला टेप मिळाली, एका बाजूला इंच, एका बाजूला सेंटीमीटर. जाऊबाईंनीच मोजायला शिकवलं, तीस वर्षं बायकांची मापं घेतायत त्या. साडीच्या निरीवर मोजायची नाही. सगळ्यात खालची बरगडी हाताला लागते आणि कमरेचं हाड लागतं, त्या दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप धरायची, मागं वर चढू द्यायची नाही, सरळ उभं राहायचं, श्वास सहज सोडायचा आणि मग बघायचं. पोट आत ओढायचं नाही. पहिल्यांदा मी ओढलंच, जाऊबाई म्हणल्या, "अहो सोडा की पोट, मी काय नवरदेवाकडची हाय का?" आम्ही दोघी इतक्या हसलो, त्या तीन महिन्यातलं माझं पहिलं हसू असेल ते.

९४ सेंटीमीटर. बायकांची ८० च्या आत असावी असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात, पुरुषांची ९०. आणि मी एकटी नाही त्यात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कंबर मोजली तर देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या साधारण चाळीस बायका ८० च्या वर निघाल्या. चाळीस! हे वाचून बरं वाटलं म्हणणार नाही, पण लाज गेली. एवढ्या बायकांचं एकदम होतं तेव्हा ते काय एकटीच्या जिभेमुळं झालेलं नसतं, दिवसभर बसून काम, उरलेलं वाया जायला नको म्हणून खाणं, स्वतःसाठी अर्धा तास न मिळणं, हे सगळं त्यात येतं.

मग मी काय केलं ते थोडक्यात. काटा रविवारी सकाळी फक्त, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आकडा वहीत. ॲपचं नोटिफिकेशन बंद. टेप महिन्याच्या एक तारखेला. संध्याकाळी जाऊबाई आणि मी संभाजी तलावाकडनं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालतो, आठवड्यात चार-पाच दिवस तरी. भाकरी सोडली नाही, शेंगाचटणी पण सोडली नाही, फक्त त्यावर धार धरून तेल ओतायची सवय सोडली, चमच्यानं घेते, आणि पोरांच्या ताटातलं उरलेलं खाणं बंद. आठ महिन्यात ७१.४ चे ६७.८ झाले, कंबर ९४ ची ८९. कुणाला किरकोळ वाटेल, पण हे सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के झालं, आणि अमेरिकेत पाळी गेलेल्या हजारो बायकांवर अभ्यास झालाय त्यात ठरवून पाच टक्के वजन कमी केलेल्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कमी आढळला. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हे संशोधन माझ्या अंगावर धावून येत नाहीये, त्यातनं मला धरायला पण काहीतरी मिळतंय.

ठरवून हा शब्द महत्त्वाचा हं. काही न करता वजन उतरायला लागलं, भूक गेली, तर खूश होऊ नका, ते पण दाखवायचं असतं. आणि पाळी बंद होऊन वर्ष झालं असेल आणि त्यानंतर एकदा जरी डाग दिसला, एक ठिपका का असेना, गुलाबी का असेना, उष्णता म्हणून सब्जा खात बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं, पण आमच्या आक्काचं नाही निघालं.

जुलैत आक्का आठ दिवस राहायला आली होती. रेडिएशनच्या दिवसात तिचं जेवण गेलतं, ८६ वरनं ७७ ला आलती, गाल बसलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. रविवारी मी काट्यावर चढले तर मागनं म्हणली मी पण बघते. चढली. ७८.२. मागच्या महिन्यात दवाखान्यात ७७.४ होतं. ती तशीच उभी राहिली काट्यावर, खाली उतरेना, "वाढलं गं. आता परत होईल का?" तिच्या डॉक्टरांनी तिला मागच्याच भेटीत सांगितलं होतं की आत्ता ताकद येऊ द्या, वजनाचं पुढं बघू, मी ते आठवण करून दिलं, फाईल काढून त्यांचं अक्षर दाखवलं. तिला पटलं की नाही माहीत नाही. पण त्या दिवशी दुपारी तिनं एक भाकरी जास्ती घेतली. तिचं प्रोफाइल मी ॲपमध्ये टाकलं नाही, टाकणार पण नाही.

तर घ्यायचा का? नुसता वजनाचा डिजिटल काटा आठशे-नऊशेत मिळतो, तोच घ्या, बाकीच्या बारा आकड्यांसाठी वर सात-आठशे देण्यासारखं काही नाही. पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील तर करंटवाला वापरायचाच नसतो, हे पुस्तिकेत आहे पण इतक्या बारीक अक्षरात की भिंग लागेल. काच मजबूत आहे, एकदा डबा पडला तरी काही झालं नाही. बॅटरी अजून पहिलीच चाललीय. वजनासाठी ५ पैकी ४, बाकीच्या आकड्यांसाठी १, ॲपला शून्य द्यायची सोय असती तर तेच दिलं असतं. टेपला ५ पैकी ५, फक्त वर्षभरानं बदला, कापडी टेप ओढून ओढून लांबते असं जाऊबाई म्हणतात.

आणि कुणाकडं शहाबादीवर नीट चालणारा काटा असेल तर नक्की सांगा, जाऊबाईंच्या अख्ख्या घरात एक टाईल नाही आणि त्यांना घ्यायचाय.